माळवदाखालचं ऑफिस

महिन्यातले दहा दिवस पुण्यात, बाकीचे अंबाजोगाईत. हे हायब्रीड गणित ठरलं आणि मी जुन्या वाड्यात, दारालगतच्या ढाळजेत ऑफिस थाटायचा बेत केला. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. भर मे महिन्यातही एसीची आठवण येत नाही. उजेडाला छतातलं साणं, चार्जर ठेवायला देवळ्या. इकोफ्रेंडली ऑफिस आणखी वेगळं काय असतं हो?

अण्णा मात्र ऐकेनात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी अशाच भिंती-माळवदांखाली. ‘तवापासून मी तिथं निजत नाही. तू आठ तास बसणार?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंजिनिअरला बोलावलं. गळती थांबवायला वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीचे थर साठून छत भलतंच जड झालेलं. जादा माती उतरवली, लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार दिले, भिंतीचे दोन्ही पदर बांधणारे जोडदगड बसवले. एसीपेक्षा खर्च जास्तच झाला!

टेबल चाकांचं घेतलंय. सकाळी ओसरीवर, ऊन चढलं की आत. तेव्हा मंडळी, जुन्या घरात ऑफिस थाटताय? खुर्ची निवडण्याआधी एकदा वर बघा.

काल अण्णा ढाळजेत पेपर वाचत बसले होते. त्यांचं खोकणं माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. मी म्यूट केलं नाही.