बऱ्या दिवसांतील शब्द

मृत्युपत्र करणाऱ्याचा शब्द त्याच्या माघारी पाळला जातो. मानसिक आजार असलेल्या माणसाने बरा असताना उच्चारलेला शब्द मात्र त्याच्या हयातीतच मोडला जातो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. 'त्याला काय कळते?' एवढे म्हटले की पुढचे सारे निर्णय इतरांचे होतात. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्ट महिन्यात लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण मरण पावले. बांधण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले असेल काय?

२०१७ साली संमत झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार, आपली निर्णयक्षमता हरपल्यास कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे कोणीही सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. यालाच आगाऊ निर्देश म्हणतात. पूर्वी आजार झालेला असला तरी हा हक्क जात नाही. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही.

'उद्या त्याने औषधच नाकारले तर?' असे घरचे विचारतात. आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागवलेल्यांची ही भीती पोकळ नव्हे. परंतु तातडीच्या उपचारांना हा निर्देश आड येत नाही. शिवाय डॉक्टर वा नातेवाईक त्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागू शकतात. खरे तर लिहिण्याजोग्या गोष्टी कितीतरी साध्या असतात. अमुक गोळीने जीभ जड होते, ती देऊ नये. इस्पितळात न्यावे लागल्यास बहिणीला कळवावे. मुलांना ते दृश्य दिसू देऊ नये. हे अनुभवाचे ज्ञान रुग्णापाशीच असते.

कायद्यात एक उणीव मात्र आहे. हा कागद वेळेवर डॉक्टरांच्या हाती पडेल हे पाहण्याची जबाबदारी त्याने रुग्णावर व त्याच्या प्रतिनिधीवर टाकली आहे. नोकरीनिमित्त नोएडात राहणारे एखादे मराठी कुटुंब घ्या. नोएडा उत्तर प्रदेशात. मानसिक आजारांवरील 'इहबास' ही मोठी सरकारी संस्था सीमेपलीकडे दिल्लीत. प्रतिनिधी नेमलेली बहीण अकोल्यात. रुग्ण भानावर नसताना तो कागद कपाटातून कोणी काढावा? दाखल करून घेतानाच 'आगाऊ निर्देश आहे का?' असे विचारणे रुग्णालयाचे काम असावयास हवे.