विश्लेषण : भाजलेल्या मातीचे सिमेंट निविदेत कधी येणार?

बुरशीच्या विटा, शेवाळाचे प्लास्टिक, स्वतःच्या भेगा स्वतः बुजवणारे काँक्रीट… विद्यापीठांतून पर्यावरणपूरक साहित्याच्या बातम्या दर आठवड्याला येतात. त्यांतले फार थोडे गवंड्याच्या घमेल्यापर्यंत पोहोचते. क्युबा, स्वित्झर्लंड आणि भारतातील विद्यापीठांनी मिळून विकसित केलेले ‘एलसी३’ हे सिमेंट तिथवर पोहोचण्याच्या बेतात आहे. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र मानकही आणले. तरीही सिमेंटच्या दुकानात ते मागून पाहिले तर दुकानदार बहुधा चेहऱ्याकडे बघत राहील.

सिमेंटमध्ये दोष नेमका कुठे?

जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के वायू एकट्या या उद्योगातून बाहेर पडतो. चीनखालोखाल सिमेंट बनवणारा देश भारत आहे. भट्टीत कोळशाऐवजी दुसरे इंधन वापरले की प्रश्न मिटेल, असे वाटते खरे. पण मोठा वाटा इंधनाचा नाहीच. सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून तो मिळतो. या आचेत चुनखडी फुटते आणि तिच्या पोटातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन शुद्ध चुनखडीतून ४४० किलो! क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के वाटा या रासायनिक क्रियेचा असतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालली तरी हा वायू थांबणार नाही. तेव्हा क्लिंकर कमी वापरणे, हाच सरळ उपाय उरतो.

एलसी३ काय करते?

या सिमेंटच्या प्रचलित मिश्रणात क्लिंकर ५० टक्के, भाजलेली माती ३०, न भाजलेली चुनखडीची भुकटी १५ आणि जिप्सम ५ टक्के असते. माती हवी केओलिनाइट हे खनिज असलेली. आपण जिला चिनी माती म्हणतो त्या जातीची. मात्र कपबशीसाठी लागते तशी पांढरीशुभ्र नको. सुमारे ४० टक्के केओलिनाइट असले तरी काम भागते. म्हणजे चिनी मातीच्या खाणींत टाकाऊ म्हणून बाजूला सारलेले ढीगही चालू शकतात. ही माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की तिच्यातले बांधील पाणी निघून जाते आणि ती क्रियाशील होते. कार्बन मात्र निघत नाही, कारण तो तिच्यात नसतोच.

खरी गंमत पुढे आहे. मातीतले अ‍ॅल्युमिना आणि चुनखडी यांची काँक्रीटमध्ये आपसांत क्रिया होते. त्यातून बनणारी संयुगे बारीक छिद्रे बुजवतात. म्हणून अर्धा क्लिंकर काढूनही सात दिवसांनंतरची ताकद साध्या पोर्टलँड सिमेंटच्या जवळपास राहते. उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते.

कल्पना आली कुठून?

क्युबातील सांता क्लारा येथील विद्यापीठात फर्नांडो मार्तिरेना आणि लोझानच्या स्विस संघीय तंत्रज्ञान संस्थेत कॅरेन स्क्रिव्हनर यांनी या संशोधनाला आकार दिला. माती आणि चुनखडीच्या जोडीचे रसायन मांडणारा महत्त्वाचा शोधनिबंध २०१२ मध्ये आला. पाठोपाठ क्युबातल्या कारखान्यात चाचणी झाली. भारतात दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी स्थानिक माती, स्थानिक कारखाने आणि इथली हवा घेऊन तेच काम पुढे नेले. झाशीजवळ त्यातून एक घरही उभे राहिले.

या साऱ्यात चमकदार म्हणावे असे काही नव्हते. माती तीच, चुनखडी तीच, दळण्याच्या गिरण्याही त्याच. कारखाना मोडून नवा बांधायची गरज नसल्यामुळेच कोलंबिया आणि घाना येथे माती भाजण्याच्या मोठ्या भट्ट्या सुरू होऊ शकल्या. संशोधनाला निधी देणाऱ्यांना ‘क्रांतिकारी’ शब्दाची भारी ओढ असते. जुन्या यंत्रात नवे मिश्रण बसवणाऱ्या कामाला ते दुय्यम समजतात. एलसी३ने हा समज खोटा ठरवला आहे.

त्रुटी आहेत का?

आहेत. भाजलेली माती पाणी जास्त मागते. काँक्रीट घट्ट होते आणि मजूर सवयीने पाण्याची बादली ओततो. त्यासाठी रसायन योग्य प्रमाणात मिसळावे लागते. मातीत लोह असेल तर सिमेंट तांबूस दिसते आणि ग्राहक त्याला ‘भेसळ’ म्हणतो. पहिल्या दिवसाची ताकद कमी पडू शकते. सर्वात महत्त्वाचे म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड या काँक्रीटमध्ये तुलनेने लवकर शिरतो. सळईवरचे आवरण कमी ठेवले आणि पाणी मारण्यात कसूर केली तर सळई गंजण्याचा धोका वाढतो. उलट, खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड रोखण्यात ते साध्या सिमेंटपेक्षा सरस आहे. मुंबई ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या पूल-धक्क्यांसाठी हा गुण सोन्यासारखा आहे.

तुलनाही प्रामाणिकपणे व्हायला हवी. भारतात निम्म्याहून जास्त सिमेंट आधीच मिश्र स्वरूपाचे आहे. औष्णिक केंद्रांची राख त्यात ३५ टक्क्यांपर्यंत चालते. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात चुनखडी, सिमेंट कारखाने आणि राख शेजारी-शेजारी आहेत. अशा ठिकाणी एलसी३चा फायदा जाहिरातीतल्या ३०-४० टक्क्यांपेक्षा बराच कमी भरेल. परंतु राख कोळशाला बांधलेली आहे. कोळसा कमी करायचा आणि राखेवर विसंबायचे, हे फार काळ जमणार नाही.

मग अडले कुठे?

मानक आले, पण सरकारी दरसूचीत ओळ नाही तर अभियंता ते लिहिणार नाही. अभियंत्याने लिहिले नाही तर ठेकेदार मागणार नाही. मागणी नाही तर कारखानदार मातीची भट्टी कशाला लावेल? या साखळीत कुणा एकाला दोषही देता येत नाही. पूल दहा वर्षांनी तडकला तर चौकशी कार्यकारी अभियंत्याची होते. कार्बन वाचवल्याबद्दल त्याला बढती मिळत नाही.

इथे विद्यापीठांचे काम पुन्हा सुरू होते, आणि ते कंटाळवाणे आहे. किनाऱ्यावर आणि विदर्भाच्या उन्हात नमुने ठेवून वर्षानुवर्षे त्यांचे मोजमाप करणे, जिल्ह्याजिल्ह्यातल्या मातीची तपासणी करणे, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांना या चाचण्या शिकवणे. अशा कामावर शोधनिबंध कमी निघतात आणि प्राध्यापकाची पदोन्नती निबंधांवर ठरते. सिंधुदुर्गात चिनी माती आहे. पण तिथे टाकाऊ ढीग किती आणि नवी डोंगरफोड किती लागेल, हे मोजण्याआधी खाणपट्टे वाटले तर हरित सिमेंटच्या नावाने तांबडा डोंगर जाईल. सार्वजनिक बांधकाम विभागाने सुरुवात पुलापासून करण्याची गरज नाही. शाळेची संरक्षक भिंत, पदपथ, गटाराच्या कडा अशी सळई नसलेली किंवा कमी असलेली कामे दरवर्षी निघतातच. त्यातल्या काहींच्या निविदेत या सिमेंटचे नाव घालायला नवे संशोधन लागत नाही.