शिक्षकांच्या ग्रुपवर फॉरवर्डचा पूर. परिपत्रक शोधायचे कुठे?

जुन्नर, आंबेगावमधील जिल्हा परिषद शाळांना केंद्रप्रमुखांच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच मिळतात. मात्र 'शुभ सकाळ', विमा आणि प्लॉटच्या जाहिरातींत 'दुपारपर्यंत माहिती भरा' हा संदेश हरवतो. डोंगराळ भागातील शाळेवर रेंज उशिरा आली, तर तो शोधणे आणखी अवघड.

खरा धोका कोणता?
'ई-चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाइल. ती इन्स्टॉल केल्यास ओटीपी चोरट्यांच्या हाती जाऊ शकतो. मग तीच फाइल त्या शिक्षकाच्या नंबरवरून ग्रुपवर येते. सरांनीच पाठवली, म्हणून इतरही उघडतात.

अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होतो का?
सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टमागे अ‍ॅडमिनचा समान हेतू नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन असल्याने तो दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

उपाय काय?
- सूचनांच्या ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन' सेटिंग ठेवा. ही सोय २०१८ पासून आहे.
- शंका, चर्चेसाठी वेगळा ग्रुप करा. नाहीतर दोनशिक्षकी शाळेने अडचण विचारायची कुठे?
- स्पॅम दिसताच अ‍ॅडमिनने तो सर्वांसाठी डिलीट करावा.
- शासन निर्णय आल्यास त्यावरील संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर तपासा.
- एपीके उघडू नका. पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.