विश्लेषण : वॅट भरपूर, तरी आवाज का बसतो? महागड्या स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायर निवडताना काय पाहावे?

सातारा-सांगलीत ‘डॉल्बी’ म्हटले की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. गंमत अशी, की १९६५ मध्ये सुरू झालेल्या डॉल्बी लॅबोरेटरीजचे नाव झाले ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. या भिंतींच्या गोंगाटाविषयी बोलावे तेवढे थोडे. पण त्या उभारणाऱ्यांना एक गणित पाठ असते, जे घरात लाखभराचे स्पीकर आणणाऱ्या हौशी श्रोत्याला अनेकदा ठाऊक नसते. ते म्हणजे ओहमचे. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की भार ४ ओहम, चार जोडले की २. तिथे अ‍ॅम्प चुकला की मिरवणूक अर्ध्यावरच शांत! घरचा श्रोता मात्र दुकानात एकच प्रश्न विचारतो, ‘किती वॅटचा आहे?’

वॅटचा आकडा कुठे फसवतो?

होम थिएटर रिसीव्हरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० वॅट छापलेले असतात. खालच्या बारीक अक्षरांतल्या अटी कोणी वाचत नाही. एकच चॅनेल चालू, भार ६ ओहमचा, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि डिस्टॉर्शन १० टक्के, अशा अटींवर मोजलेला तो आकडा असू शकतो. दोन्ही चॅनेल ८ ओहमवर, नगण्य डिस्टॉर्शनसह चालवले की तो बराच खाली येतो. जुन्या टेपरेकॉर्डरवरच्या ‘पीएमपीओ’ स्टिकरची ही जरा सभ्य आवृत्ती आहे, इतकेच.

मग स्पीकरचे काय पाहायचे?

आधी सेन्सिटिव्हिटी. ८३ डेसिबलचा स्पीकर आणि ९१ डेसिबलचा स्पीकर यांत फरक फक्त आठाचा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी सहापटींहून अधिक ताकद लागते. दिवाणखान्यात तबल्याच्या एखाद्या जोरदार थापेला एकाला ५ वॅट पुरत असतील, तर दुसऱ्याला ३० लागतील. बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा चिमुकला, नामांकित स्पीकर याच ८३ च्या आसपासचा. आकाराने लहान म्हणजे भूक कमी, असे अजिबात नाही.

खरी गोम इम्पिडन्समध्ये आहे. स्पीकरच्या पाठीवरचे ‘८ ओहम’ हे नाममात्र असते. सूर बदलला की तो आकडाही बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ६.४ ओहमखाली, जाऊ नये. सगळे उत्पादक हे पाळत नाहीत. ‘८’ लिहिलेले काही स्पीकर ४ च्याही खाली उतरतात. १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला तर १ ओहमच्या भारामुळे भल्याभल्या अ‍ॅम्पना घाम फोडण्यासाठीच प्रसिद्ध होता.

समजा, अ‍ॅम्प २० व्होल्ट देतोय. ८ ओहमला अडीच अँपिअर करंट जाईल, ४ ला पाच, २ ला दहा. एवढा करंट द्यायला दमदार ट्रान्सफॉर्मर आणि मोठे हीटसिंक लागते. त्यावर खर्च होतो आणि बाहेरून ते दिसत नाही. अ‍ॅम्प कमी पडला की एक तर प्रोटेक्शन रिले ‘टक’ करून आवाज बंद करतो, नाही तर लहरींचे माथे कापले जातात. या क्लिपिंगमुळे वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि ती नाजूक ट्विटरमध्ये जाते. ‘छोट्या अ‍ॅम्पने मोठ्या स्पीकरला काय होणार’ ही समजूत म्हणूनच महागात पडते.

त्यामुळे विक्रेत्याला स्पीकरचा किमान इम्पिडन्स विचारावा. अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ८ ओहमला ५० वॅट असतील, तर ४ ओहमला ९०-१०० च्या आसपास आहेत का, ते पाहावे. ४ ओहमचा आकडाच नसेल, तर जड स्पीकरसाठी तो अ‍ॅम्प घेऊ नये. जो विक्रेता हे सांगू शकत नाही, त्याच्याकडून लाखाचा स्पीकर का घ्यावा? हजारोंच्या केबलचा आग्रह मात्र खुशाल झिडकारावा. दहा मीटरपर्यंत कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते.

कानांना कसे कळेल?

यासाठी मिरजेकडे वळावे. सतार-तानपुरे घडवणाऱ्या या गावाच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तानपुऱ्याची जवारी अखंड झंकारत राहते, म्हणून ती अ‍ॅम्पची उत्तम परीक्षा घेते. विलंबित ख्यालाचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवावा आणि तबल्याऐवजी तानपुऱ्याकडे कान द्यावा. डग्ग्यावर घुमारा पडतो त्या क्षणी मागचा झंकार दबत किंवा खरखरत असेल, तर आधी आवाज कमी करा. नंतर ओळखीच्या एखाद्याकडचा दमदार अ‍ॅम्प एका संध्याकाळपुरता आणून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका. स्पीकर विकायला काढायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.