पियानो परका कसा?

नांदगाव पेठेहून अमरावतीचे विद्यापीठ काही दूर नाही. तेथे अभिजात पियानोवादनाची मैफल व्हावी, असे आम्ही म्हणताच प्रश्न येतो, ‘‘वऱ्हाडात ते ऐकणार कोण? ते परक्यांचे संगीत!’’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

गावोगावच्या भजनांत वाजणारी पेटी कोठली? १८४२ साली पॅरिसमध्ये तिचे एकस्व घेतले गेले. १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले आणि १९७१ पर्यंत बाहेरच ठेवले. भजनाने मात्र तिला कधी टाकले नाही. पेटीच्या पट्ट्या आपल्या, तर पियानोच्या परक्या कशा?

१९५८ मध्ये गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून भारतीय राग वाजवून घेतले. दोन्ही परंपरा आधी कानांत मुरल्या होत्या, म्हणूनच ते घडले.

खरी उणीव श्रवणाची आहे. आपले पालक मुलांना कीबोर्डच्या शिकवणीला घालतात, परीक्षेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगतात. परंतु तासभर निमूटपणे ऐकावयास त्यांना कोठे नेत नाहीत. मग मिस्सामध्ये गायकवृंद बेसूर झाल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

विद्यापीठ ज्या गाडगेबाबांचे नाव मिरवते, त्यांच्या कीर्तनात श्रोत्याची पात्रता कोणी विचारली नाही. विद्यापीठाने तसेच, तिकिटाविना, दार उघडावे. आणि वाचकहो, दार उघडल्यावर पहिल्या रांगा आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी भराव्यात. रिकाम्या खुर्च्या पाहून दुसरी मैफल कोणी ठेवीत नाही.