थोडं उडवून बघू या का?

तर मंडळी, मागच्या मार्चमधली गोष्ट. उमरेडकडचा एक तलाव, सकाळचे साडेसहा. पाणी बरंच उतरलेलं, आणि काठाच्या गवतात साठेक पट्टकादंब निवांत चरत होते. आमच्यातला एक जण म्हणाला, "बसलेले फोटो सगळ्यांकडेच आहेत राव. थोडं उडवून बघू या का?" आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. थवा उडाला, कॅमेरे खटाखट वाजले. मीही फोटो काढले, खोटं कशाला बोलू?

परतताना मी विषय काढला, तर उत्तर आलं, "काय होते बे इतक्यानं? पुन्हा बसतातच नं!"

बसतात. पण मार्च म्हणजे त्यांचा निघायचा महिना. हा पक्षी तिबेट, मंगोलियाकडे जातो, तेही हिमालय ओलांडून. उपग्रहाच्या टॅगमुळे त्याची सात हजार मीटरच्या आसपासची उड्डाणं नोंदली गेली आहेत. घारीसारखं तरंगणं नाही, सतत पंख मारत जायचं. त्यासाठीची चरबी तो निघण्याआधी खाऊन साठवतो. बसलेल्या पक्ष्यापेक्षा उडणाऱ्याला कित्येक पट ऊर्जा लागते. म्हणजे आपली प्रत्येक टाळी त्याच्या टाकीतून पेट्रोल काढते. एका रविवारी असे चार ग्रुप आले तर?

कोणी म्हणेल, कोळ्याच्या डोंग्यानेही पक्षी उडतात, गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यामुळेही उडतात. खरं आहे. पण त्यांचं पोट त्या तलावावर आहे. आपलं काय आहे तिथे? लाइक्स!

आणि कायदा बघेल म्हणाल, तर तोही वाचून घ्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याला संरक्षण आहे. पण पाणथळ जागांच्या २०१७च्या नियमांतून, खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव सरळ वगळलेत. आता विदर्भातले तलाव आठवा. बहुतेक सगळे बांधलेलेच! म्हणजे पक्ष्याला संरक्षण आहे, त्याच्या ताटाला नाही. पट्टकादंबाला कुठे ठाऊक, की आपण उतरलो ती पाणथळ जागा नसून सिंचन प्रकल्प आहे?

सरकारी पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सलीम अलींच्या वाढदिवसांना धरून. छानच आहे. पण तेव्हा पाहुणे येत असतात. निरोपाच्या वेळी, म्हणजे त्यांना सगळ्यात जास्त शांतता हवी असते तेव्हा, ना सप्ताह ना भाषणं. असतो फक्त आपण, सहाशे एमएमची लेन्स घेऊन.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी बांधावरच ठेवा, गाळात घालू नका. एका जागी बसा. पक्ष्यांनी माना वर केल्या की आपण फार जवळ आलो, मागे व्हा. मुद्दाम उडवलेल्या थव्याचा फोटो ग्रुपवर आला तर 'वॉव' लिहू नका, "कसा काढला?" एवढंच विचारा. आणि मोजदाद करून ईबर्डवर यादी टाका. उद्या या तलावासाठी कोणी भांडायला उभं राहिलं, तर त्याच्या हातात आकडे तरी असतील.

असो. ते चाळीस फोटो मी डिलीट केले. त्यातले दोन खरंच सुंदर होते.