अकोसोम्बो : धरण टिकले, सौदा फसला

१/ २२ जानेवारी १९६६. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी व्होल्टा नदीवरील अकोसोम्बो धरणाचे उद्घाटन केले. अवघ्या ३३ दिवसांनी, ते परदेश दौऱ्यावर असताना, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. धरण मात्र टिकले. ते आजही वीज देते.

२/ या धरणाच्या दोन कथा प्रचलित आहेत. एकीत ते नव्या आफ्रिकेच्या स्वप्नाचे मूर्तरूप ठरते, तर दुसरीत एका महत्त्वाकांक्षी नेत्याने पोसलेला पांढरा हत्ती. दोन्ही कथा भिंतीकडे पाहतात. खरा इतिहास करारपत्रात आहे.

३/ मूळ कल्पना वसाहतकाळातली. भूवैज्ञानिक अल्बर्ट किटसन यांनी १९१५ मध्येच ही जागा हेरली होती. भूमीत बॉक्साइट, शेजारी प्रचंड नदी. वीज निर्माण झाली की ॲल्युमिनियमही देशातच तयार होईल, असा हिशेब होता. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेला घाना कोकोच्या निर्यातीवर तगून होता. कारखानदारीची आस धरणे हा एन्क्रुमांचा अहंकार नव्हे, देशाची निकड होती.

४/ निम्मा खर्च घानाने उचलला. उरलेला पैसा जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या कर्जांतून आला. परंतु कर्ज हवे, तर विजेचा हमखास ग्राहक हवा. तो ग्राहक म्हणजे कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांची ‘व्हाल्को’. ग्राहक एकच, आणि त्याच्यावाचून धरण नाही. अशा सौद्यात वरचढ कोण ठरणार?

५/ व्हाल्कोला दीर्घ मुदतीसाठी अत्यंत स्वस्त वीज मिळाली, करांत सवलती मिळाल्या आणि परदेशातून ॲल्युमिना आणण्याची मुभाही मिळाली. परिणामी घानाचे बॉक्साइट कच्च्या स्वरूपातच बाहेर जात राहिले. टेमाचा कारखाना १९६७ मध्ये सुरू झाला आणि धरणाची निम्म्याहून अधिक वीज गिळू लागला. मूळ योजनेचा गाभाच निसटला होता.

६/ आता दुसरी बाजू. सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरच्या जलाशयाखाली जवळपास ७०० गावे गेली आणि ८०,००० माणसे उठली. त्यांच्यासाठी ५२ नव्या वसाहती वसवल्या. कुटुंबाला एक तयार खोली मिळाली. उरलेले घर ज्याचे त्याने बांधायचे. यांत्रिक शेतीचे आश्वासन फोल ठरले. अनेकांनी वसाहती सोडल्या. संथ पाण्याकाठी गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया वाढला. ज्यांची गावे बुडवून वीज निर्माण झाली, त्यांतील कित्येकांच्या घरी ती पुढे वर्षानुवर्षे पोहोचली नाही.

७/ दुसरा पर्यायच नव्हता, असे एन्क्रुमांचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. धरणाविना आक्रा आणि टेमा यांचे औद्योगिक जीवन कल्पिता येत नाही. टोगो आणि बेनिन यांनाही येथूनच वीज गेली. पण १९८५ मध्ये घानाने पुन्हा वाटाघाटी करून विजेचा दर लक्षणीयरीत्या वाढवून घेतला. म्हणजे अटी काही ब्रह्मलिखित नव्हत्या. आणि विस्थापितांना अखेरच्या रांगेत उभे करण्याची अट तर कोणत्याही सावकाराने घातली नव्हती.

८/ हा प्रश्न जुना झालेला नाही. केनियातील मोंबासा–नैरोबी रेल्वे २०१७ मध्ये धावू लागली. तिच्या चिनी कर्जाचे करार मात्र कितीतरी वर्षे जनतेपासून दडलेले राहिले. इथिओपियाने नाईलवरचे महाधरण मुख्यतः देशांतर्गत पैशातून, नागरिकांनी घेतलेल्या रोख्यांच्या आधाराने उभारले आणि २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. सावकाराची अट त्यामुळे टळली. उठवलेल्या माणसांचा हिशेब टळत नाही.

९/ आधुनिकतेची स्वप्ने पाहिल्याबद्दल आफ्रिकेला हसणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. भव्य भिंतीसमोर उभे राहिल्यावर तिची उंची विचारावीच. पण त्यापाठोपाठ दोन प्रश्न यायला हवेत : वीज कोणत्या दराने कोणाला विकली, आणि जे बुडाले त्यांच्या घरात दिवा कधी लागला?